स्पिनच्या वेळी कपडे एका बाजूला साचलेत, हे मशीनला कळतं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात सात किलोचं फ्रंट लोड मशीन आहे. रोजचे कपडे व्यवस्थित पिळून निघतात. पण एकटी डबल बेडची चादर किंवा गोधडी टाकली की धुणं पूर्ण होतं आणि शेवटच्या स्पिनला गाडी अडते. ड्रम हळूहळू फिरतो, थांबतो, उलटा फिरतो, परत थांबतो. डिस्प्लेवरचा आकडा 9 मिनिटांवर अर्धा तास तसाच राहतो आणि शेवटी निथळणारी गोधडी हातात येते. मेकॅनिक म्हणाला, ‘अनबॅलन्स सेन्सर’ गेलाय, बदलावा लागेल. हा सेन्सर असतो कुठे आणि बदलावा का?

बदलू नका. निदान खाली दिलेली एक साधी तपासणी केल्याशिवाय तरी नाही. पट्ट्यावर चालणाऱ्या बहुतेक फ्रंट लोड मशीनमध्ये त्या कामाचा वेगळा सेन्सर नसतोच. मोटरचा वेग मोजायला जी व्यवस्था आधीपासून बसवलेली असते, तिच्याच आकड्यांतून कंट्रोल बोर्ड कपड्यांचा तोल ओळखतो. ती व्यवस्था बिघडली असती, तर रोजचे कपडेही नीट पिळले गेले नसते. तुमचं मशीन गोधडीलाच अडतंय, म्हणजे त्याचं मोजमाप बहुधा बरोबर चाललंय. मी या मशीनच्या दुरुस्तीत आणि चाचण्यांमध्ये बरीच वर्षं घालवली आहेत. चांगल्या चालत्या मशीनचे भाग या एका तक्रारीपायी विनाकारण बदलले जाताना पाहिलं की वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मशीन एवढं जपून का वागतं ते पाहू. समजा ड्रमची त्रिज्या 24 सेंटीमीटर आहे आणि एका बाजूला अर्धा किलो ओलं कापड जास्त साचलंय. ड्रम मिनिटाला 90 फेरे घेत असेल तेव्हा ते कापड ड्रमला बाहेरच्या बाजूला साधारण 1 किलो वजनाच्या जोराने ओढतं. म्हणजे काहीच नाही. 400 फेऱ्यांना हा ओढा 21 किलोवर जातो. 1200 फेऱ्यांना तो 190 किलोच्या पुढे जातो आणि सेकंदाला 20 वेळा त्याची दिशा गोल फिरते. वेग दुप्पट झाला की ओढा चौपट होतो, हे सगळ्याचं मूळ. कापड तेवढंच, जागा तीच, फक्त वेग वाढला. हा सगळा ओढा बाहेरच्या पत्र्यापर्यंत पोचत नाही. टबला, म्हणजे ड्रमभोवतीच्या पाणी धरणाऱ्या बाहेरच्या भांड्याला, बांधलेले काँक्रीटचे ठोकळे, स्प्रिंगा आणि शॉकअप त्यातला मोठा भाग अंगावर घेतात. फ्रंट लोड मशीन उचलताना 60-65 किलो भरतं, त्याचं कारण हे काँक्रीट. पण ड्रमच्या मागचे बेअरिंग आणि ड्रमला धरून ठेवणारा तीन पायांचा अॅल्युमिनियमचा स्पायडर यांना हा ओढा पूर्ण सोसावा लागतो, त्यातून त्यांची सुटका नाही.

म्हणून मशीनला निर्णय आधी घ्यावा लागतो, कमी वेगात असताना. 1200 वर पोचल्यावर ‘अरे, तोल गेलाय’ असं कळून उपयोग नाही.

हा निर्णय जिथे होतो तो क्षण तुम्ही घरी काचेतून पाहू शकता. धुताना ड्रम मिनिटाला 45-50 फेरे घेतो, तेव्हा कपडे वर जातात आणि खाली कोसळतात. वेग वाढत गेला की एका टप्प्याला ते कोसळायचे थांबतात आणि ड्रमच्या भिंतीला चिकटून गोल फिरू लागतात. 24 सेंटीमीटर त्रिज्येला हा टप्पा हिशेबाने 61 फेऱ्यांच्या आसपास येतो. त्या वेगाला कापडाला बाहेर ढकलणारा जोर आणि त्याचं स्वतःचं वजन बरोबरीला येतात. मशीन तिथून आणखी थोडं वर, 80 ते 100 फेऱ्यांच्या दरम्यान जाऊन काही सेकंद वेग स्थिर ठेवायचा प्रयत्न करतं. आता कपडे जागचे हलत नाहीत, जसे चिकटलेत तसेच फिरताहेत. याच वेळी तोल मोजला जातो.

मोजतं कसं, हे समजायला सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा आणि पुढचं चाक हलकेच फिरवा. व्हॉल्व्ह असलेली बाजू थोडी जड असते. ती वर चढताना चाक जरासं मंदावतं, खाली उतरताना वेग घेतं. ड्रमचंही तसंच होतं. साचलेला गोळा वर चढताना मोटरला जास्त जोर लावावा लागतो, उतरताना गोळाच मोटरला मदत करतो. एका फेऱ्यात एकदा मंद, एकदा जलद. कपडे सगळीकडे सारखे पसरलेले असतील तर ही वरखाली जवळपास नसते. गोळा जेवढा मोठा तेवढी वरखाली मोठी.

मघाचाच अर्धा किलोचा गोळा घ्या. 90 फेऱ्यांच्या वेगाला मोटरने काहीच दुरुस्ती केली नाही, तर अर्ध्या भरलेल्या ड्रमचा वेग साधारण दीड-दोन फेऱ्यांनी वर आणि तेवढाच खाली जाईल. डोळ्यांना हे दिसत नाही, पण बोर्डाला स्पष्ट कळतं. कार्बन ब्रशच्या जुन्या धाटणीच्या मोटरच्या मागच्या टोकाला एक छोटं गोल चुंबक आणि त्याभोवती तारेची गुंडाळी असते. तो टॅको. मोटर फिरली की त्यातून विजेचे ठोके निघतात. पट्ट्यामुळे ड्रमच्या एका फेऱ्याला मोटर दहा-बारा फेरे घेते आणि मोटरच्या प्रत्येक फेऱ्याला टॅको अनेक ठोके देतो, त्यामुळे ड्रमच्या एका फेऱ्याचे बारीक बारीक तुकडे पडून प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागला ते बोर्डाला मिळतं. ठोक्यांमधलं अंतर वाढलं म्हणजे गोळा चढतोय, कमी झालं म्हणजे उतरतोय. गोळा ड्रममध्ये नेमका कोणत्या बाजूला आहे, हेसुद्धा यातून काढता येतं.

इन्व्हर्टर मोटरमध्ये, म्हणजे ब्रश नसलेल्या नव्या धाटणीच्या मोटरमध्ये, आणखी एक वाट असते. तिथे बोर्ड मोटरला जाणारा करंट सतत मोजत असतो आणि करंटचा जोर लावणारा भाग वेगळा काढून पाहतो. वेग घट्ट धरून ठेवायचा ठरवला, तर गोळा चढताना करंट वाढतो आणि उतरताना कमी होतो. म्हणजे तोलाची खूण वेगात दिसण्याऐवजी करंटमध्ये दिसते. ड्रमला थेट मोटर जोडलेल्या, पट्टा नसलेल्या मशीनमध्ये हे आणखी स्वच्छ दिसतं, कारण मध्ये ताणला जाणारा पट्टा नसतो.

इथे एक खोच आहे. तोच अर्धा किलोचा गोळा रिकाम्या ड्रममध्ये असेल तर वेग जास्त हलतो आणि भरलेल्या ड्रममध्ये असेल तर कमी, कारण भरलेला जड ड्रम आपला वेग सहज सोडत नाही. नुसती वरखाली पाहून गोळ्याचं वजन सांगता येत नाही. म्हणून मशीन आधी ड्रमला ठरावीक जोर देऊन तो किती चटकन वेग घेतो ते बघतं, त्यावरून आत एकूण किती माल आहे याचा अंदाज बांधतं आणि मग वरखालीचा अर्थ लावतं. सुरुवातीला कपडे टाकल्यावर पाणी घेण्याआधी ड्रम एक-दोनदा कोरडाच फिरतो, तो याच जातीचा अंदाज असतो.

मोजमाप झालं की बोर्डात आधीच भरून ठेवलेल्या मर्यादांशी ते ताडून पाहिलं जातं. गोळा छोटा असेल तर पूर्ण वेगाला परवानगी. मध्यम असेल तर 1200 च्या जागी 800 किंवा 600 वर समाधान, आणि हे मशीन तुम्हाला सांगत नाही. कपडे नेहमीपेक्षा ओले निघाले की लोक मोटर कमकुवत झाली म्हणतात, पण कित्येकदा मशीनने त्या दिवशी वेग मुद्दाम कापलेला असतो. गोळा मोठा असेल तर ड्रम थांबवायचा, दोन्ही बाजूंना हळू फिरवून गोळा मोडायचा, पुन्हा 90 वर जाऊन मोजायचं. असे ठरावीक प्रयत्न फसले की मशीन हार मानतं. एलजीच्या मशीनवर तेव्हा ‘यूई’ (UE) ही इंग्रजी अक्षरं दिसतात. त्यातलं पहिलं अक्षर लहान लिपीत असेल तर मशीन स्वतःच अजून प्रयत्न करतंय, दोन्ही मोठी असतील तर आता तुम्ही दार उघडून कपडे मोकळे करा. सॅमसंगच्या मशीनवर ‘यूबी’ किंवा ‘यूई’ असा कोड येतो. तुमचा 9 मिनिटांवर अडकलेला आकडा म्हणजे हीच खटपट. घड्याळ बंद पडलेलं नसतं. स्पिनला पुढे जायची परवानगी मिळेपर्यंत मशीन वेळ मोजत नाही एवढंच.

90 वरच एवढी चिकित्सा करण्याचं दुसरंही कारण आहे. टब स्प्रिंगांवर टांगलेला असतो आणि त्याला स्वतःची अशी हेलकाव्याची एक लय असते. बहुतेक घरगुती फ्रंट लोडमध्ये ती मिनिटाला 150 ते 350 फेऱ्यांच्या पट्ट्यात कुठेतरी येते. ड्रमचा वेग त्या लयीला जुळला की छोटा गोळाही टबला जोरात हलवतो. सगळा धडधडाट, मशीन जागेवरून सरकणं, टब पत्र्याला आपटणं हे याच पट्ट्यात होतं. म्हणून तिथे रेंगाळायचं नाही, झपकन पार व्हायचं. ऐकून पाहा: स्पिन सुरू होताना एक छोटी थरथर येते आणि जाते, मग आवाज वाढतो पण हेलकावे कमी होतात. पार झाल्यावर टब फिरत्या मालाच्या गुरुत्वमध्याभोवती स्वतःला जुळवून घेतो. 40 किलोचा टब असेल तर अर्धा किलोच्या गोळ्याने तो जेमतेम 3 मिलिमीटर हलतो. हे ओलांडणं सुरक्षित होईल का, याचा फैसला वेगाच्या या पट्ट्याच्या अलीकडेच करायचा असतो.

या पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या माहीत असाव्यात, कारण त्यातली एक धोक्याची आहे.

समजा ड्रमच्या पुढच्या भागात एक गोळा वर आहे आणि मागच्या भागात तेवढाच गोळा खाली आहे. एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो, वेगात फरक पडत नाही आणि बोर्डाच्या मते सगळं समतोल. पण जोरात फिरताना पुढचा गोळा ड्रमला एकीकडे ओढतो आणि मागचा दुसरीकडे, ड्रम डुलू लागतो. हे 90 च्या वेगाला कळत नाही. म्हणून महागड्या मशीनमध्ये टबवर तिन्ही दिशांची थरथर मोजणारी चिप बसवतात. अशा मशीनमध्ये ‘सेन्सर’ खरोखर असतो. तुमच्या मॉडेलमध्ये तो आहे का, हे मेकॅनिकला पार्ट नंबरसकट दाखवायला सांगा.

दुसरी गोष्ट पाण्याची. जाड टॉवेल आणि पातळ सदरा समोरासमोर येऊन ओले असताना तोल सांभाळतात, पण पिळताना टॉवेलमधून कितीतरी जास्त पाणी जातं आणि तोल मधेच बिघडतो. म्हणून मशीन थेट 1200 वर न जाता आधी 400-600 वर छोटी फेरी मारतं, पाणी काढतं, खाली येतं, पुन्हा मोजतं. वर जाताना आणि वर असतानाही नजर चालूच असते.

तिसरी, आणि धोक्याची, म्हणजे पाणी न सोडणारं कापड. रेनकोट, गादीचं वॉटरप्रूफ कव्हर, ताडपत्रीसारखं काहीही. त्यात पाण्याची पिशवी तयार होते. कमी वेगाला ते पाणी सगळीकडे सारखं पसरलेलं असू शकतं, मोजमापात तोल बरोबर येतो, आणि वेग वाढल्यावर एका बाजूची पिशवी अचानक फुटून रिकामी होते. आता शेकडो फेऱ्यांच्या वेगात एकदम दोन-चार किलोंचा तोल गेला. मशीनला ब्रेक लावायला वेळच उरत नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये सॅमसंगने अमेरिकेत सुमारे 28 लाख टॉप लोड मशीन परत बोलावली. कंप इतका वाढत होता की काही मशीनचं वरचं झाकणच निघून येत होतं आणि त्यात लोकांना इजा झाल्या होत्या. दुरुस्ती होईपर्यंत चादरी, अवजड आणि वॉटरप्रूफ कपडे फक्त कमी वेगाच्या प्रोग्रॅमवर पिळा, असं तिथल्या ग्राहकांना सांगितलं गेलं. आपल्याकडे पावसाळ्यात रेनकोट आणि बाळाच्या गादीखालचं प्लास्टिकचं अस्तर सर्रास मशीनमध्ये जातं. कृपा करून त्याला स्पिन देऊ नका. फ्रंट लोड असो वा टॉप लोड, कितीही नवीन असो.

टॉप लोडचं आणखी वेगळं आहे, कारण तिथे ड्रम उभ्या आसावर फिरतो. गोळा ना वर चढतो ना खाली उतरतो, तो एकाच पातळीत गोल फिरतो. त्यामुळे मंद-जलद ही खूण तिथे मिळतच नाही. चार कोपऱ्यांतल्या रॉडवर टांगलेला टब प्रत्यक्ष किती झोके घेतोय, हेच तिथे पाहावं लागतं. साध्या मशीनमध्ये टबाच्या कडेजवळ एक दांडी सोडलेली असते आणि ती झाकणाच्या स्विचला जोडलेली असते. टब मर्यादेबाहेर झुलला की दांडीला धडकतो, स्विच सुटतो, मशीन थांबतं, पाणी भरून कपडे पुन्हा पसरवतं आणि परत प्रयत्न करतं. ही दांडी वाकली किंवा स्विच सैल झाला तर विनाकारण थांबणं सुरू होतं, आणि तिथे मात्र मेकॅनिकचं निदान बरोबर असू शकतं. टॉप लोडच्या बास्केटच्या वरच्या काठाला एक पोकळ कडं असतं, त्यात मिठाचं पाणी भरलेलं असतं. हेलकाव्याचा पट्टा पार झाला की हे पाणी आपसूक गोळ्याच्या विरुद्ध बाजूला जातं आणि तोल सावरतं. कड्याला तडा जाऊन पाणी गळून गेलं, की कितीही नीट कपडे भरले तरी मशीन अडत राहतं.

सेमी ऑटोमॅटिकच्या स्पिनरमध्ये यातलं काही नसतं. कपडे गोल, सपाट रचून वर प्लास्टिकची जाळीदार झाकणी दाबायची असते. ती झाकणी हरवलेली घरं पुष्कळ आहेत. बाजारात मिळते, आणून बसवा.

आता तुमच्या गोधडीकडे. एकच मोठं, पाणी धरणारं कापड हे तोलासाठी सगळ्यात वाईट. त्याला वाटून घ्यायला दुसरं काही नसतं, ओलं झालं की त्याचं वजन दुपटीच्या वर जातं आणि त्याची एकच मोळी होते. मशीन ती उलगडायचा कितीही प्रयत्न करो, ड्रममध्ये तेवढी जागाच नसते. डबल बेडच्या उशीच्या आणि रजईच्या खोळींचा वेगळा त्रास म्हणजे छोटे कपडे त्यांच्या आत शिरतात आणि घट्ट गोळा होतो. खोळींची बटणं, चेन धुण्याआधी लावा. एकट्या चादरीबरोबर दोन-तीन टॉवेल किंवा दुसरी चादर टाका, ड्रमच्या अर्ध्याहून थोडा जास्त भाग भरेल एवढं. एकटी जीन्स, एकटं पायपुसणं, एकटा बाथरोब हे सगळे याच यादीतले.

गोधडी मात्र दुसऱ्या कपड्यांबरोबर टाकायला जागाच राहत नसेल, तर ती त्या मशीनच्या आवाक्याबाहेर आहे. सात किलो हे कोरड्या, साध्या सुती कपड्यांचं वजन असतं. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर घालून शिवलेली गोधडी वजनाने तीन किलो भरली तरी ड्रममध्ये मोकळी फिरू शकत नाही. धुऊन घ्या, पण स्पिन 400 वर ठेवा, आणि मग कठड्यावर निथळत टाका. 1200 ला पिळलेल्या सुती कपड्यात कोरड्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी उरतं, 400 ला त्याहून बरंच जास्त. म्हणजे वाळायला एखादा दिवस अधिक लागेल, पण बेअरिंग वाचेल. बेअरिंग बदलायला टब अख्खा खोलावा लागतो आणि हल्ली कित्येक मशीनचा टब चिकटवून बंद केलेला असतो, म्हणजे पूर्ण टबच बदलायचा.

आणि ती तपासणी. ड्रम पूर्ण रिकामा करा, फक्त स्पिनचा प्रोग्रॅम पूर्ण वेगावर लावा. रिकाम्या ड्रमला मशीन बिनतक्रार वर गेलं, तर मोटर, टॅको, बोर्ड, पट्टा सगळं काम करतंय. मग चार-पाच टॉवेल ओले करून टाका आणि पुन्हा स्पिन द्या. तेही पिळून निघाले तर कोणताही भाग बदलायची गरज नाही. रिकाम्या ड्रमलाही मशीन अडलं किंवा धडधडलं, तर बिघाड खरा आहे. मग वीज बंद करून वरचा पत्रा काढून टब हाताने खाली दाबून सोडा. एकदा वर येऊन तिथेच थांबला तर शॉकअप ठीक. दोन-तीनदा उसळला तर शॉकअप संपलेत, जोडीने बदला. ड्रम आतून हाताने वर उचलून पाहा, टब न हलता ड्रम एकटा खडखडत हलला तर बेअरिंग किंवा स्पायडर. नवीन मशीन असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेत का ते आधी बघा. ते राहिले असतील तर टब पत्र्याला जखडलेलाच असतो आणि मशीन पहिल्या स्पिनलाच घरभर चालतं.

शेवटची पाहणी खालची. आपल्या फ्लॅटमध्ये मशीन बहुधा ड्राय बाल्कनीत असतं आणि तिथल्या फरशीला पाणी जायला उतार दिलेला असतो. चारही पाय फरशीला घट्ट टेकलेत का पाहा. कोपऱ्यांवर तिरक्या रेषेत आळीपाळीने दाबून बघा, जरा जरी डुललं तर पाय फिरवून उंची जुळवा आणि वरची नट आवळा. मशीनबरोबर विकली जाणारी चाकांची ट्रॉली फ्रंट लोडखाली असेल, तर ती काढून टाका. ट्रॉली मशीनखाली स्वतःचा वेगळा हेलकावा तयार करते. मग कपड्यांचा तोल चांगला असूनही, विशेषतः थरथर मोजणारी चिप असलेल्या मशीनमध्ये, बोर्ड वेग कापतो. पाणी लागू नये म्हणून उंची हवीच असेल, तर सिमेंटचा ओटा बांधून घ्या, मशीनच्या पायांपेक्षा चारही बाजूंनी थोडा मोठा.